बँकेच्या नावाने येणारी खोटी पत्रे

धंतोलीत जिकडे पाहावे तिकडे दवाखाने. तिथे आया, वॉर्डबॉय, पहारेकरी म्हणून आपल्या घरांतली कितीतरी माणसे राबतात. पगार आता बहुतेकांच्या खात्यातच जमा होतो. म्हणून बँकेच्या नावाने मोबाईलवर ई-मेल आला की छातीत धस्स होते. 'आपले खाते आज रात्री बंद होईल, केवायसीसाठी खालील लिंक दाबा.' वर बँकेचे बोधचिन्ह, खाली साहेबाचे नाव, मजकूर इंग्रजीत. लिंक दाबली की हुबेहूब बँकेसारखे पान उघडते आणि तिथे भरलेला पासवर्ड, ओटीपी थेट चोराच्या हाती जातो.

साहेबाचा कागद आला की निमूट ऐकायचे, ही आपल्या लोकांची जुनी सवय चोरांच्या पथ्यावर पडते. त्याहून वाईट म्हणजे पैसे गेल्यावरची लाज. 'एवढा शिकलास आणि फसलास?' हे ऐकावे लागेल म्हणून पोरगा बापालाही सांगत नाही. दोन दिवस असेच जातात.

लाज कशाची बाळगायची? पुण्यातील एका कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी अशाच ई-मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील त्यांच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. त्यांनी दाद मागितली. २०१३ साली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ई-मेलला उत्तर दिले म्हणून नुकसानीचा काही भार त्यांच्यावरही टाकला. पण चोरांनी उघडलेल्या खात्यांबाबत बँकेने दक्षता घेतली नव्हती, हेही सचिवांनी मानले. तक्रार केली म्हणूनच एवढे तरी मिळाले, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेला नियम असा: ग्राहकाने स्वतःच पासवर्ड वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे रात्री अकराला कळले तर सकाळची वाट पाहू नये. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक लगेच फिरवावा आणि बँकेलाही कळवावे. चोर पैसे या खात्यातून त्या खात्यात पळवत असतो; वेळेत कळले तर ते मध्येच अडवता येतात.

पत्ता ओळखायची एक खूण आता झाली आहे. सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. बँकेचे नाव चोर पत्त्यात कुठेही घुसडू शकतो, म्हणून संकेतस्थळाच्या नावाचा शेवट पाहावा. तरीही ई-मेलमधली लिंक दाबूच नये. शंका असेल तर पासबुक घेऊन शाखेत जावे. इंटरनेटवर शोधलेला बँकेचा फोन नंबरही कधी कधी चोराचाच निघतो. पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डामागचा नंबर लावावा.

आणि तो ई-मेल रागाने पुसून टाकू नका. तक्रार लिहिताना पोलीस तो मागतील. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांकही जवळ लिहून ठेवा.