‘मदत नको’ लिहिण्याआधी



पर्युषणात प्रतिक्रमण आटोपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर बोलणं निघालं. एका वहिनींच्या मुलाला बारावीनंतर लगेच अमेरिकेत इंजिनिअरिंगला जायचंय. पुण्याच्या कन्सल्टंटने सांगितलंय, फॉर्मवर ‘आर्थिक मदत हवी का’ याच्यापुढे ‘नको’ लिहा, प्रवेशाची शक्यता वाढते. सगळ्याजणी माना डोलावत होत्या. मीही गप्प बसले, त्याची लाज वाटते म्हणून आज लिहितेय. (वहिनींना विचारूनच लिहितेय.)

कन्सल्टंट खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. एमआयटी, प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल ही कॉलेजं परदेशी मुलाचाही प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि एकदा घेतलं की आपल्याला न झेपणारा खर्च स्वतः उचलतात. तिथे ‘नको’ म्हणून काडीचा फायदा नाही, उलट हातची मदत जाते. स्टॅनफर्ड परदेशी मुलाच्या बाबतीत ऐपत बघतं. तिथे ‘नको’ने दार किलकिलं होत असेल, पण अर्ज करताना मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. आणि कार्नेगी मेलन, बर्कली परदेशी मुलाला गरज बघून मदत देतच नाहीत. कन्सल्टंटच्या यादीत ही सगळी नावं एकाखाली एक, जणू एकाच दुकानातल्या साड्या!

खाजगी कॉलेजचा राहण्याजेवणासकट खर्च वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर. म्हणजे सत्तर लाखांच्या वर. चार वर्षांचे तीन कोटी. त्यात ‘अर्ली डिसिजन’ म्हणून एक प्रकार आहे: आधी अर्ज करा, पण घेतलं तर तिथेच येईन असं लिहून द्या. मदत पुरत नसेल तर त्यातून सुटका मागता येते. पण ज्याने मदत नकोच म्हटलं, तो कोणत्या तोंडाने सुटका मागणार?

फेडणार कशातून, तर म्हणे तिथल्या नोकरीतून. शिक्षण झाल्यावर बारा महिने आणि इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी चोवीस महिने काम करता येतं. पुढे एच-वन-बी व्हिसा लागतो, त्याची लॉटरी असते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. असल्या भरवशावर आपण घर गहाण टाकणार? वहिनींच्या बाबतीत ते घर त्यांच्या नावावर आहे. सही त्यांचीच लागणार आहे, पण त्यांना कोणी आकडा दाखवलेला नव्हता.

मी अमेरिकेच्या विरोधात नाही. ‘तिथे धर्म बुडेल, कांदा-लसूण खावं लागेल’ म्हणणाऱ्या काकूंशीही माझं भांडण आहे. वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही समाजात ओरड झाली होती. जायचं तर खुशाल जावं. पण कधी आणि कोणाच्या पैशाने?

आपल्या लोट्यात ज्यांच्या नावाची पाटी रोज दिसते त्या केकी घरडांचंच बघा. ते आधी माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकले, म्हणजे १९३३ साली सुरू झालेलं, आजचं आयसीटी. मग मिशिगन विद्यापीठात एमएस, पीएचडी. परत येऊन यूडीसीटीत शिकवलं, मग कंपनी काढली, तिचा कारखाना आपल्या एमआयडीसीत आला, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पदवी इथे आणि पुढचं तिथे, हा रस्ता आजही बंद नाही. एमएसचे पैसे बहुधा आपल्यालाच भरावे लागतात, पण इंजिनिअरिंगच्या पीएचडीला तिथे सहसा फी माफ होते आणि वर महिन्याला खर्चाला मिळतं. हे कन्सल्टंट कशाला सांगेल? त्यात त्याचं काय?

अजून एक, आणि हे बोलल्यावर कोणीतरी रागावणार आहे. याच घरातल्या मोठ्या मुलीला चांगले मार्क असून मुंबईला पाठवलं नाही, ‘हॉस्टेलचा खर्च कशाला’ म्हणून. ती रोज बसने जवळच्या कॉलेजात जाते. मुलीसाठी हॉस्टेलचे दोन लाख जड, आणि मुलासाठी तीन कोटींची तयारी! परिग्रह फक्त सोन्याचा असतो असं आपण धरून चालतो. कॉलेजच्या नावाचाही असतो, आणि सोयरिकीच्या बायोडाटावर तो फार शोभतो.

एमआयटीला परदेशी अर्जदारांपैकी शंभरातले जेमतेम दोन घेतात. मुलगा हुशार असेल तर त्याने जरूर अर्ज करावा, ‘मदत हवी’ लिहून. त्यासोबत जेईई आणि सीईटीही मनापासून द्यावी. मदत न देणारी नावं यादीतून आजच काढावीत.

वहिनींनी काल फोन केला होता. कन्सल्टंटला त्यांनी विचारलं, ‘या बारा कॉलेजांपैकी मदत कोणतं देतं?’ तो म्हणाला, बघून सांगतो.