केअर सेंटरच्या दारावर नोंदणी क्रमांक हवा

सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आता इथं ठेवून काही उपयोग नाही, उद्या घेऊन जा." कुठं घेऊन जायचं, ते कोणी सांगत नाही. माझ्या वडिलांची उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, पलंगाला लघवीची पिशवी. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊ पुण्याला, माझी शाळेची नोकरी. वृद्धाश्रमांत फोन केले, तर पहिला प्रश्न एकच: "स्वतःचं स्वतः करतात का?" त्यांचं चूक नाही, ती सोय हिंडत्या-फिरत्या माणसांसाठीच असते.

मग उरतात ती केअर सेंटरं. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्यापासून बीड बायपासपर्यंत मी ती पालथी घातली. कुठं राहता बंगलाच सेंटर केलेला, हॉलमध्ये ओळीनं पलंग. दर पेशंटची अवस्था बघून ठरतो. डायपर वेगळे, फिजिओ वेगळा, डिपॉझिट आगाऊ. एका ठिकाणी पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याची वही टांगली होती. दुपारचे तीन वाजले होते आणि वहीत संध्याकाळच्या सहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. हलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं; नाहीतर टाचेला, माकडहाडाला आधी लाली येते आणि मग जखम हाडापर्यंत जाते. रात्री नर्स कोण असते, विचारलं. "मावशी असतात ना," म्हणाले. नोंदणी? "ताई, आम्ही हॉस्पिटल थोडंच आहोत."

माझं म्हणणं या उत्तराबद्दल आहे. आपल्या राज्यात 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथं उपचार आणि शुश्रूषा होते, ती जागा त्याच्या व्याख्येत बसते. नळीनं अन्न देणं, कॅथेटर सांभाळणं, जखमेचं ड्रेसिंग करणं ही शुश्रूषा नाही तर दुसरं काय? शहराच्या हद्दीत ही नोंदणी महापालिकेनं करायची असते. दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असं 2021 च्या नियमांत आहे. तेच या बंगल्यांना लागू करायला नवा कायदा कशाला हवा?

आणि नव्या कायद्याची वाट बघून काय झालं, तेही आपण पाहिलं. ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ज्येष्ठांची केअर होम्स आणि घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सी यांची नोंदणी, किमान दर्जा, सगळं त्यात होतं. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कवच त्याच वर्षी मिळालं. चांगलंच झालं, पण ते मुख्यतः दवाखान्यातल्या भरतीपुरतं. डिस्चार्जनंतर महिनोन् महिने जो खर्च चालतो, तो घरच्यांच्याच खिशातून जातो.

बापाला टाकून आली, असं नात्यातले बोललेच. बोलोत. आम्ही शेवटी निवडलेल्या सेंटरमधल्या मावशी नळीतून दूध देण्याआधी न सांगता पलंगाचं डोकं वर करतात आणि नंतरही बराच वेळ आडवं होऊ देत नाहीत, कारण दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. हे मला घरी जमलं नसतं. अशी माणसं मिळणं नशिबावर सोडून चालणार नाही, कारण घाटी या सरकारी रुग्णालयात आणि इथल्या खासगी दवाखान्यांत अख्खा मराठवाडा येतो. परभणी-हिंगोलीहून आलेल्या मुलाला या शहरात विचारायलाही कोणी नसतं.

म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाला मी लेखी अर्ज दिला आहे. केअर सेंटरांची नोंदणी व्हावी, क्रमांक दारावर लागावा. रात्रपाळीला प्रशिक्षित नर्स असते का, याची अचानक तपासणी व्हावी. नोंदणी झालेल्यांची यादी प्रत्येक दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर असावी, आणि डिस्चार्जची कल्पना नातेवाइकांना निदान तीन दिवस आधी द्यावी. ज्यांचं माणूस आज अशा पलंगावर आहे, त्यांनीही असा अर्ज द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नये.