फड सुरू होण्याआधी वस्तीची यादी करा
वाड्या, तांडे आणि पाड्यांवरील ग्रामस्थांना जाहीर आवाहन

एखाद्या वस्तीला बारमाही रस्ता मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथल्या डोक्यांच्या संख्येवर ठरते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. सपाटीच्या भागात किमान 500 लोकसंख्या आणि आदिवासी भागात किमान 250, ही तिची अट. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही मोजमाप हेच आहे. पहिल्या टप्प्याला 2001 च्या जनगणनेचा आधार होता, चौथ्याला 2011 चा. त्यामुळे आता होणाऱ्या जनगणनेचा आकडा पुढची अनेक वर्षे गावाला पुरणार आहे.

ही मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे आणि तिचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत फेब्रुवारी म्हणजे ऐन ऊसतोडणीचा महिना. तांड्यावर म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरतात. कर्ती माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर, उसाच्या पाचटाच्या कोप्यांत असतात. 2011 च्या नियमानुसार मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद तो राहत होता त्या ठिकाणी झाली. तांडा भरलेला असूनही कागदावर रिकामा दिसतो, तो असा.

यावर उपाय गावाच्या हातात आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीने वस्तीनिहाय यादी करावी. घर कोणाचे, माणसे किती, कामासाठी बाहेर कोण, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. जनगणनेचा प्रसिद्ध आकडा महसुली गावाचा असतो. वाडीचा आकडा वेगळा छापून येत नाही. तो गावानेच तयार ठेवायला हवा. जवळच्या वस्त्यांची बेरीजही मांडावी, कारण योजनेच्या नियमात 500 मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात, आणि डोंगराळ भागात हे अंतर पायवाटेने दीड किलोमीटर आहे. दोनशे-तीनशे माणसांच्या दोन वाड्या वेगवेगळ्या अर्ज करून परत येतात. एकत्र आल्या तर अटीत बसू शकतात.

मुकादमांनी आपल्या टोळीची प्रत्येक कोपी प्रगणकाला दाखवावी. नोंद एकाच ठिकाणी व्हावी, पण ती व्हावीच. घरी राहिलेल्या आजी-आजोबांनी प्रगणकाला नातवंडांसह घरी असलेल्या सगळ्यांची माहिती द्यावी. 1948 च्या जनगणना कायद्याने ही माहिती गोपनीय राहते, तेव्हा बिचकण्याचे कारण नाही.

रस्ता झाला म्हणजे एसटी आली, असे होत नाही. आलेली गाडी टिकते ती भारमानावर. गावकरी वडापने गेले आणि एसटी रिकामी धावली, तर फेरी आधी कमी होते, मग बंद पडते. त्याची किंमत सर्वांत आधी मुली मोजतात. बारावीपर्यंतच्या ग्रामीण विद्यार्थिनींना पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर पास दप्तरातच राहतो. महिलांना अर्धे तिकीट आणि 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. म्हणून प्रवास एसटीनेच करावा, तिकीट न विसरता घ्यावे. गाडी वळवायला मोकळी जागा राखावी. मुक्कामी गाडी हवी असेल, तर चालक-वाहकांच्या झोपण्याची, पाण्याची आणि शौचालयाची सोय गावाने आधी करावी आणि शाळा-कॉलेजच्या वेळा, पासधारक मुलांची संख्या लिहून आगारप्रमुखांकडे अर्ज द्यावा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की वस्तीची यादी ऐकीव माहितीवर करावी लागेल. म्हणून 2 ऑक्टोबर 2026 च्या ग्रामसभेत, सगळी माणसे गावात असताना, ती मोठ्याने वाचून दाखवावी. राहिलेली नावे तिथेच घालावीत आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत पंचायत समितीत देऊन पोच घ्यावी.