कणगीतला भात आणि बांधावरचा सल्ला

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव राज्यभर पोहोचले ते 1992-93 मधील बालमृत्यूंमुळे. त्यानंतर पूरक आहार आणि आरोग्य तपासणीवर भर आला, तो योग्यच. पण जव्हार-मोखाड्यातील मुलाचे वजन अंगणवाडीइतकेच भाताच्या खाचरातही ठरते. इथले पीक मुख्यतः पावसावरचे. कणगी रिकामी झाली की कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि मुलाचा आहार, लसीकरण, वजनाची नोंद सारेच तुटते.

तेवढ्याच जमिनीत, कमी खतात अधिक दाणा पिकवणे हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर कोकणाला माहीत आहे. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताचा पेंढा व तुसाची राख पुन्हा जमिनीत जाते, गिरिपुष्पाचा पाला गाडला जातो, 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतराने आवणी होते आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचली जाते. वरून फेकलेल्या युरियातील बराच नत्र पाण्याबरोबर वाहतो वा हवेत उडतो. चिखलात पुरलेली गोळी मुळांपाशी हळूहळू विरघळते.

मात्र गोळी आवणीच्याच दिवशी खोचायची असते. सल्ला आठ दिवस उशिरा आला, तर हंगाम गेला. आवणी करतात प्रामुख्याने बाया. शिबिराला फक्त पुरुष बसले, तर अंतर मोजणार कोण? चिठ्ठी लिहून दिल्याने क्षयरोगी बरा होत नाही, महिनोन्‌महिने पाठपुरावा लागतो. शेतीचा सल्लाही तसाच. कर्जतचे भात संशोधन केंद्र, कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र दूर नाही. प्रश्न शेवटच्या बांधाचा आहे. अनुदानाच्या कागदांत अडकलेल्या कृषी सहायकाला तिथे वेळेवर पोहोचता आले पाहिजे.

राब भाजण्यापूर्वी, आवणीच्या दिवशी आणि कापणीआधी अशा तीन भेटी पाड्यावर व्हाव्यात. अंगणवाडीतील मातांच्या बैठकीत गोळी खोचण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. हंगामाअखेर शिबिरांची संख्या मोजण्यापेक्षा घरचा भात किती महिने पुरला, हे मोजावे. तो आकडा वाढला, तर वजनकाट्यावरही दिसेल.