टाळाटाळ कोणाची?

‘मुलगा हुषार आहे, पण वाचण्याची टाळाटाळ करतो,’ हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणें उच्चारलें जातें, कीं त्यांत एक आरोप दडलेला आहे हें बोलणाराच्या ध्यानींही येत नाहीं. आरोप असा कीं, वाचणें त्या मुलाच्या हातचें आहे आणि तो तें बुद्ध्या करीत नाहीं. एकदां हें गृहीत धरलें, म्हणजे पुढचे उपाय आपोआप सुचतात : दोन दोन तास बसवून वाचून घेणें, धाकट्या बहिणीशीं तुलना, खेळ बंद, शिकवणी, आणि अखेरीस पाहुण्यांदेखत हातीं पुस्तक देऊन फजिती. भंडारा शहरांत काय, तुमसर-साकोलीकडे काय, हा क्रम बहुधा एकच असतो. आमचें म्हणणें असें कीं, हा आरोप मुळांतच खोटा आहे. टाळाटाळ होतच असेल तर ती वडीलधाऱ्यांकडून होत आहे.

जें काम आपल्याला साधत नाहीं आणि ज्यापायीं रोज चारचौघांत हंसें होतें, तें टाळावें असें कोणाला वाटत नाहीं? ज्या गृहस्थांस हें पटत नसेल त्यांच्या हातीं भोसलेशाहींतील एखादा मोडी कागद द्यावा, आणि चहाला आलेल्या मंडळींसमोर तो खड्या आवाजांत, न अडखळतां वाचण्यास सांगावें. मराठी त्यांची मातृभाषा, डोळे शाबूत, पदवी घेतलेली; असें असूनही दुसऱ्या ओळीशीं ते चष्मा पुसूं लागतील, आणि तिसऱ्या ओळीला त्यांना बाहेरचें कांहीं काम आठवेल. त्यांना आळशी म्हणण्याची आमची तयारी नाहीं. अक्षर ओळखण्यांतच सारी शक्ति खर्ची पडली, म्हणजे अर्थाकडे देण्यास लक्ष उरत नाहीं, आणि अर्थावांचून वाचन ही निव्वळ वेठ होय. मुलाची स्थिति याहून वेगळी नसते. फरक इतकाच कीं, मोडी न येणाऱ्या वडिलांस कोणी मठ्ठ म्हणत नाहीं.

बुद्धि आणि वाचन हीं हातांत हात घालूनच चालतात, हा समज तर सव्वाशें वर्षांपूर्वींच निकालांत निघाला आहे. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडांतील डॉक्टरांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, गणितांत चांगला. परंतु वर्षानुवर्षें शिकवूनही त्याला साधे शब्द वाचतां येईनात. त्याच्या शिक्षकांचें मत असें पडलें कीं, सारें शिक्षण तोंडीं असतें तर शाळेंत हाच सर्वांत हुषार ठरता. या अडचणीचें डिस्लेक्सिया हें नांव २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटानें आपल्याकडे घरोघर पोंचविलें. तो पाहून डोळे पुसणारे पालक घरीं येऊन स्वतःच्या मुलावर डोळे वटारतात, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें.

अर्थात् मागें पडणारें प्रत्येक मूल डिस्लेक्सियानेंच अडलेलें असतें असें नाहीं. कोणाची दृष्टि अधू, कोणाला कमी ऐकूं येतें. आणि पुष्कळांना तर वाचणें नीट शिकविलेंच गेलेलें नसतें. ‘असर’च्या २०२२ सालच्या पाहणींत देशाच्या ग्रामीण भागांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं मुलें अवघीं २०.५ टक्के निघालीं. शाळा बंद पडण्यापूर्वीं, २०१८ सालींही, हा आंकडा २७.३ च होता. उरलेलीं सारीं मुलें आळशी, असें म्हणण्याचें धाडस कोणी करील काय?

यावर एक ठराविक उत्तर मिळतें : ‘इंग्रजीचें सोडा, आमची देवनागरी जशी बोलावी तशी लिहिली जाते, तींत अवघड तें काय?’ ज्याला वाचतां येतें त्याचें हें बोलणें. ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं येते, तिचा उच्चार मात्र क-च्या मागून. ‘र’ हा ‘सूर्य’मध्यें डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्यें पायाशीं तिरपा होतो, ‘राष्ट्र’मध्यें खालीं दुपाखी होतो, आणि ‘दुसऱ्या’मध्यें चौथेंच रूप घेतो. घ आणि ध, भ आणि म यांतील भेद एखाद्या गांठीचा किंवा रेघेचा. बाराखडी तोंडपाठ म्हणणारें मूल तक्त्यावर मध्येंच बोट ठेवल्यास गोंधळतें, कारण तें वाचत नव्हतें, गात होतें.

परंतु आमच्या जिल्ह्यापुरता सर्वांत मोठा अन्याय निराळाच आहे. वैनगंगेकांठच्या या झाडीपट्टींत (१९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तरी भाषेची वाटणी झाली नाहीं) घरांत, बांधावर आणि बाजारांत झाडीबोली बोलली जाते. तींत ‘ण’च्या जागीं ‘न’ आणि ‘श’च्या जागीं ‘स’ येतो. या घरचें मूल पुस्तकांत ‘पाणी’ हा शब्द पाहतें, चिन्हें जुळवितें, अर्थ ओळखतें, आणि तोंडानें ‘पानी’ म्हणतें. येथें वाचन पूर्ण झालें. डोळ्यांनीं खूण ओळखली, मनानें अर्थ घेतला, तोंडानें आईचा शब्द उच्चारला. ज्या क्षणीं शाबासकी मिळावयाची, नेमकें त्याच क्षणीं ‘चूक!’ म्हणून त्याला थांबविलें जातें. वाचन आणि प्रमाण उच्चार या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी पहिलीच्या मागून, सावकाश येते.

सुशिक्षित घरांतील प्रकार याहून विचित्र. आईवडील स्वतः याच बोलींत वाढलेले. पण नोकरी लागतांच तिला गांवढळ ठरवून मोकळे झालेले. मुलाशीं ते अर्धीं पुस्तकी मराठी व अर्धी हिंदी बोलतात, शाळा इंग्रजी माध्यमाची निवडतात, आणि आजी मात्र झाडीबोलींत गोष्ट सांगते. ज्या भाषेंत त्या मुलाला गोष्ट समजते तिचें अक्षर त्याला कोणी दाखवीत नाहीं, आणि जिचें अक्षर दाखवितात तींतली गोष्ट त्याला समजत नाहीं. हींच मुलें दिवाळीनंतर रात्र रात्र जागून दंडार आणि नाटकें पाहतात व दुसऱ्या दिवशीं त्यांतील संवाद घडाघडा म्हणून दाखवितात. त्यांना स्मरण नाहीं, एकाग्रता नाहीं, असें कोण म्हणेल? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं या बोलीचा आणि दंडारीचा अभ्यास केला. झाडीबोलीचीं साहित्यसंमेलनें भरूं लागलीं. मोठ्यांच्या व्यासपीठावर बोलीला मान मिळाला, पण मुलाच्या अभ्यासाच्या चटईवर तिला अजून जागा नाहीं.

उपाय अज्ञात नाहींत. अमेरिकेंत जन्मून फलटणच्या झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनीं फलटणच्या बोलीवरच आपला प्रबंध लिहिला, आणि पुढें तेथें प्रगत शिक्षण संस्था काढून मराठी वाचन शिकविण्याची वाट घालून दिली : सबंध बाराखडी घोकून घेण्याऐवजीं थोडीं अक्षरें व एखाददुसरें स्वरचिन्ह घेऊन त्यांचेच अर्थपूर्ण शब्द लगेच वाचावयाचे, मग पुढचा गट. हें घरींही करतां येतें. त्याच्या जोडीला रोज पंधरा मिनिटें आईनें किंवा वडिलांनीं मुलाला वाचून दाखवावें. त्याच्याकडून वाचून घेऊं नये, दाखवावें. पुस्तक वयाच्या मानानें सोपें असावें. मूल स्वतः वाचूं लागून एखाद्या शब्दाशीं अडलें तर तो सांगून टाकावा. तीच गोष्ट दहा वेळां मागितली तर दहा वेळां वाचावी. आजीची गोष्ट तिच्याच बोलींत मोठ्या अक्षरांत लिहून काढावी, आणि तेंच मुलाचें पहिलें पुस्तक व्हावें. ‘आम्हांस वेळ नाहीं’ हें उत्तर येथें हमखास येतें. शिकवणीचे पैसे मोजणाऱ्यांस पंधरा मिनिटें सांपडत नाहींत. मोबाईलनें मुलांचें वाचन बुडविलें म्हणून ओरडणाऱ्यांच्या हातांत मुलानें पुस्तक कधीं पाहिलेलें नसतें.

कायदाही मुलाच्याच बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें १७ वें कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतें. वर्गापुढें उभें करून फजिती करणें हें त्यांतच मोडतें, असें आम्ही समजतों. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें विशिष्ट अध्ययन-अक्षमतेची गणना केली आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला अशा विद्यार्थ्यांस जादा वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळतात. त्यासाठीं वैद्यकीय तपासणीचें प्रमाणपत्र लागतें आणि अर्ज शाळेमार्फत करावा लागतो. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनें कित्येक घरें ही तपासणीच टाळतात. वाचनाची अडचण आठव्या वर्षाच्या सुमारास पुरेशी स्पष्ट दिसूं लागते. तेव्हां तपासणीची वेळ तिसरीची आहे, दहावीच्या परीक्षेला महिना उरला असतांनाची नव्हे.