काटकसर कोणाच्या जिवावर ?

इंग्लंडच्या आग्नेय टोंकास डोव्हर नांवाचें बंदर आहे. तेथून फ्रान्सचा किनारा वीस-एकवीस मैलांवर. वर्षाकांठीं वीस लाखांहून अधिक मालमोटारी त्या एका बंदरांतून जात-येत असतात. सबंध बेटाचें हें मोठें दार. त्या दारावर सरकारी नोकर बसतात. कोणी पासपोर्ट पाहतात, कोणी मालमोटार उघडून पाहतात, कोणी मांस-दूध तपासतात. २०१० सालापासून या नोकरांची आधीं छाटणी, मग घाईची भरती, पुन्हां छाटणीची धास्ती, असा खेळ तेथील सरकारांनीं मांडला आहे. आमचा वाचक म्हणेल, त्या बंदराशीं आमच्या नांगराचें आणि भात्याचें नातें काय ? नातें आहे, आणि तें गोठ्यापर्यंत पोंचतें, हें पुढें दिसून येईल.

प्रथम छाटणीची हकीकत. २००८ सालीं विलायतेंतील मोठमोठ्या पेढ्या बुडण्याच्या बेतास आल्या व त्या सरकारी तिजोरींतून सांवराव्या लागल्या. तिजोरीस मोठा खळगा पडला. २०१० सालीं नवें सरकार आलें; त्यानें हा खळगा भरून काढण्यासाठीं कात्री हातीं घेतली, आणि ती पेढीवाल्यांच्या खिशावर न चालतां कारकून-शिपायांच्या भाकरीवर चालली. सीमेचा कारभार पाहणाऱ्या खात्यांतून चार-पांच वर्षांत सुमारें पांच हजार जागा कमी करावयाच्या असें ठरलें. काम कमी झालें होतें काय ? बोटी येतच होत्या, मोटारी येतच होत्या. कमी झाले ते फक्त हात.

परिणाम दिसण्यास फार दिवस लागले नाहींत. २०११ च्या उन्हाळ्यांत कांहीं उतारूंच्या तपासण्या ढिल्या करण्याचा प्रयोग गृहखात्यानें केला. ठरल्यापेक्षां जास्त ढिलाई झाली असा बोभाटा नोव्हेंबरांत होतांच सीमादलाचे मुख्य अधिकारी ब्रॉडी क्लार्क यांस कामावरून दूर करण्यांत आलें व त्यांनीं राजीनामा दिला. गृहमंत्री थेरेसा मे यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, अधिकाऱ्यानें परवानगीबाहेर जाऊन हें केलें. अधिकाऱ्यानें तें साफ नाकारलें. खरेंखोटें कांहींही असो, जागा कमी करण्याचा हुकूम ज्यांनीं काढला त्यांच्यापैकीं कोणाची खुर्ची हालली नाहीं. २०१६ सालीं मेबाई मुख्य प्रधान झाल्या.

पुढें जुलै २०१२ मध्यें राष्ट्रीय हिशेबतपासनिसांचा अहवाल बाहेर आला. त्यांत असें निघालें कीं, आदल्या वर्षीं या खात्यानें ठरविल्यापेक्षांही सुमारें एक हजार माणसें जास्त घालविलीं. मग काम उरकेना म्हणून पुन्हां भरती करावी लागली व उरलेल्यांस जादा वेळाचे पैसे मोजावे लागले. आपले बैल विकून नांगरटीस भाड्याचे बैल आणणाऱ्या कुणब्यास आम्ही वेडा म्हणतों. तेंच लंडनच्या कचेरींतल्या विद्वानांनीं केलें म्हणजे त्यास सुधारणा म्हणावयाचें !

दुसऱ्या वर्षीं त्याच तपासनिसांनीं आणखी एक गोष्ट उजेडांत आणली. दोन्ही देशांत करार असल्यामुळें इंग्रजांचे पासपोर्ट-अधिकारी समुद्रापलीकडे फ्रान्सच्या कॅले बंदरांत बसतात व फ्रेंचांचे डोव्हरास. कॅलेस उतारूंची रांग वाढली कीं मालमोटारींत लपलेलीं माणसें शोधणाऱ्या नोकरांस तेथून उठवून पासपोर्टाच्या खिडकीवर बसविण्यांत येई. खळ्यावरचा राखणदार उठवून त्यास पाहुण्यांस पाणी द्यावयास लावावें, त्यांतलाच हा प्रकार. रांग लोकांच्या डोळ्यांवर येते, वर्तमानपत्रांत तिचें चित्र छापून येतें. न उघडलेली मोटार कोणास दिसत नाहीं. परदेशचा गरीब माणूस आंत घ्यावा कीं नाहीं, हा वाद निराळा आहे. त्याबद्दल आमचें मन कठोर नाहीं. पण बंद मोटारींत माणसें गुदमरून मेल्याचीं उदाहरणें याच डोव्हर बंदरांत घडलेलीं आहेत. जून २००० मध्यें टोमॅटोच्या मालमोटारींत ५८ चिनी माणसांचीं प्रेतें तेथें सांपडलीं. मोटार उघडणारा नोकर हा अशा माणसांचाही कैवारीच असतो.

आतां गोठ्याकडे वळूं. लाळ-खुरकूत आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्याकडे साथ आली म्हणजे ऐन पेरणींत बैल लंगडतो, गाय दुधावरून जाते, पण थोराड गूर बहुधा वांचतें. तिकडची रीत निराळी. एक जनावर दुखणाईत निघालें कीं सबंध कळप मारावयाचा. २००१ सालीं तर शेजारपाजारचे निरोगी कळपही मारले. साठ लाखांहून अधिक गुरें, मेंढरें व डुकरें त्या एका सालांत गेलीं. शेतांत प्रेतांच्या राशी रचून जाळल्या, आणि मे महिन्यांत घेण्याचें योजिलेली पार्लमेंटची निवडणूकसुद्धां जूनवर ढकलावी लागली. साथीचें मूळ नॉर्थंबरलंड परगण्यांतील एका डुकरांच्या वाड्यांत सांपडलें. तेथें डुकरांस खानावळींचें उष्टें न उकळतां घालीत असत, आणि त्या उष्ट्यांतून बाहेरदेशचें चोरटें मांस गेलें असावें असा जाणत्यांचा कयास आहे. मांसाच्या एका तुकड्यानें पिढ्यान्‌पिढ्यांचे कळप बुडविले !

हें मांस दारावरच अडवावें म्हणून डोव्हरच्या नगरसभेचें आरोग्यपथक बंदरांत उभें असतें. पूर्व यूरोपांतून येणाऱ्या लहान मोटारींत पिशव्यांतून, चादरींत गुंडाळून, बर्फाशिवाय आणलेलें डुकराचें मांस तें पकडतें. डुकरांचा आफ्रिकन ताप तिकडे पसरला असून त्याचें विष खारवलेल्या मांसांतही महिनोन्‌महिने टिकतें. सप्टेंबर २०२२ पासून या पथकानें शंभर टनांहून अधिक चोरटें मांस पकडलें, आणि तें सुद्धां चोवीस तास पहारा ठेवण्याइतकी माणसें नसतांना. अशा पथकास बक्षीस काय मिळालें ? २०२४ च्या आरंभीं नगरसभेनें जाहीर केलें कीं, या कामासाठीं मिळणारी सरकारी मदत सुमारें ७० टक्क्यांनीं कमी करण्याचा वरिष्ठ सरकारचा बेत आहे. त्याच सालच्या एप्रिलपासून व्यापारी मालाची तपासणी बंदरांतून काढून बावीस मैल आंत सेव्हिंग्टन येथें नेली. डोव्हरजवळ सरकारी पैशानें त्याच कामासाठीं बांधलेली इमारत होती, ती वापरली नाहीं. बोटींतून उतरलेल्या मोटारवाल्यानें बावीस मैल आपण होऊन जावें व आपला माल दाखवावा, अशी ही भाबडी व्यवस्था. चोरास कुलूप दाखवून किल्लीही त्याच्याच हातीं द्यावी, तसें झालें.

येथें आमचा एखादा वाचक म्हणेल, सरकारी नोकरांचा एवढा पुळका कशाला ? तलाठ्याच्या उंबऱ्यावर आम्हीं खेटे घातले आहेत, कचेरींतल्या ताठ कारकुनाची बोलणीं खाल्लीं आहेत. खरें आहे; तो राग आम्हांसही आहे. पण कात्री त्या ताठ खुर्चीपर्यंत जातच नाहीं. ती चालते खालच्या पायरीवर, जेथें सामान्य घरचा मुलगा प्रथमच सरकारी पगार घरीं आणतो. डोव्हरच्या आसपासच्या कोळशाच्या खाणी होत्या, त्यांतली शेवटची १९८९ सालीं बंद झाली. १९९३ सालीं यूरोपची बाजारपेठ एक झाली व जकातीचे कागद करणाऱ्या शेंकडों लोकांची रोजी गेली. २०२१ सालीं इंग्लंड त्या बाजारपेठेंतून बाहेर पडलें व तेच कागद पुन्हां मागूं लागलें. अशा गांवांत सरकारी नोकरी म्हणजे घराचा खांब होय. फेब्रुवारी २०२३ मध्यें डोव्हर व कॅलेच्या सीमानोकरांनीं चार दिवस संप केला. महागाई शेंकडा दहावर गेलेली आणि पगारवाढ शेंकडा दोन देऊं केलेली. माणसानें करावें काय?

कोणी म्हणतील, कामें खाजगी मंडळ्यांस द्या म्हणजे झालें. त्यांनीं त्याच बंदरांतील पी अँड ओ फेरीज कंपनीकडे पाहावें. १७ मार्च २०२२ रोजीं तिनें जवळजवळ आठशें खलाशी एका दिवसांत काढले. कायद्याप्रमाणें संघाशीं बोलणें करावयास पाहिजे होतें, तें आम्ही जाणूनबुजून केलें नाहीं, असें तिच्या मुख्यानें पार्लमेंटच्या कमिटीपुढें कबूल केलें. बदली माणसांस तासाला सरासरी साडेपांच पौंड. त्या देशांतलें किमान वेतन तेव्हां ८ पौंड ९१ पेन्स होतें. या बदली माणसांत हिंदुस्थानचे खलाशीही होते. रत्नागिरीकडचीं किती घरें परक्या बोटींवरच्या मजुरीवर जगलीं आहेत, हें कोंकणांतील वाचक जाणतात. तेव्हां आमच्याच गरिबीचा दगड करून तिकडच्या कामकऱ्याच्या डोक्यांत घातला गेला, आणि दोघांचीही मजुरी पडली.

जानेवारी २०२५ मध्यें जर्मनींत लाळ-खुरकूत निघालें. मार्चांत हंगेरी व स्लोव्हाकिया. १२ एप्रिलपासून इंग्लंडनें यूरोपांतून उतारूंनीं मांस-दूध आणण्यास बंदी केली. सप्टेंबरांत पार्लमेंटच्या शेतकी कमिटीनें अहवाल दिला. बंदी कागदावर आहे, पण ती अमलांत आणण्यास माणसें व पैसा पुरेसा नाहीं, हा त्याचा आशय. आणि त्याच सालीं त्या सरकारनें सर्व खात्यांचा कचेरीखर्च १५ टक्क्यांनीं कमी करण्याचें ठरविलें असून सुमारें दहा हजार जागा जाण्याची गोष्ट अर्थमंत्र्यांनीं बोलून दाखविली आहे. कपात कचेरींतली, दारावरची नव्हे, असें सांगतात. २०१० सालींही असेंच सांगत होते.

आमच्या तालुक्यांतील गुरांच्या दवाखान्यांकडे याच दृष्टीनें पाहणें अवश्य आहे. किती जागा मंजूर आहेत, किती भरलेल्या आहेत, आणि खुरकुताची लस गेल्या खेपेस वेळेवर टोंचली कीं नाहीं, हें वाचकांनीं आपापल्या दवाखान्यांत जाऊन विचारावें व एका पोस्टकार्डावर आम्हांस लिहून कळवावें. आलेली माहिती आम्ही तालुकावार छापूं.