पेन्शनरांच्या संघटनेची 'तारीख'

सरकारी मराठीत अरबी-फारसी शब्द आजही सुखाने नांदतात. अर्ज, दाखला, हयात, वारस, मंजूर, रजा, शिपाई, कारकून. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे असे शब्द धड्यात आले की आमच्या मुलांचे निम्मे काम आधीच झालेले असते. एक शब्द मात्र मराठीत येताना निम्माच आला, तो म्हणजे 'तारीख'. मराठीत तारीख म्हणजे महिन्याचा दिवस, फार तर कोर्टाची पेशी. उर्दूत तारीख म्हणजे इतिहाससुद्धा. उर्दू शाळेतली मुले इतिहासाच्या तासाला 'तारीख का पिरियड' म्हणतात.

तालुक्या-तालुक्यांतल्या निवृत्त शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या संघटना पाहिल्या की मला हा शब्द आठवतो. पहिल्या अर्थाच्या तारखा तिथे सगळ्यांना पाठ असतात. पेन्शन कधी जमा होणार, महागाई भत्त्याची थकबाकी कधी मिळणार, हयातीचा दाखला कधीपर्यंत द्यायचा, अंशराशीकरणाची कपात पंधरा वर्षांनी कोणत्या महिन्यात थांबणार. दुसऱ्या अर्थाची तारीख विचारून पाहा. ही संघटना का निघाली, कोणी काढली, तिने काय मिळवले? उत्तर म्हणून बहुधा आजी-माजी अध्यक्षांची यादी पुढे येते.

माझे म्हणणे असे की या संघटनांचा इतिहास आता लिहून काढला पाहिजे. आणि तो निवृत्तांनी एकट्याने नव्हे, तर आज नोकरीत असलेल्या आपण त्यांच्या शेजारी बसून लिहिला पाहिजे. यात आपल्याच म्हातारपणाचा प्रश्न गुंतलेला आहे.

पेन्शन आली कुठून, ते आधी पाहू. महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित माध्यमिक शाळांना ती लागू झाली १९६८ च्या शासन निर्णयाने, १ एप्रिल १९६६ पासून. त्याआधी निवृत्त होताना भविष्य निर्वाह निधीची एकरकमी रक्कम हातात पडे. त्यात मुलीचे लग्न उरकायचे किंवा घरावर पत्रे टाकायचे, पुढची सगळी वर्षे मुलांच्या भरवशावर. नोकरीच्या सुरक्षिततेसाठी खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यावी लागली. त्याच सुमारास, १९७७-७८ च्या हिवाळ्यात, र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही त्यातली मोठी मागणी होती. आज भत्ता वाढल्याचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि आपण दोन फुले टाकून मोकळे होतो. त्या मेसेजमागे ते ५४ दिवस उभे आहेत.

मग १९८२ साल. केंद्र सरकारने पेन्शनचे नवे, फायद्याचे सूत्र आणले होते, पण ते ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. त्याच्या आदल्या महिन्यात घरी गेलेला माणूस जुन्याच हिशेबावर. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नाकरा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्यासोबत 'कॉमन कॉज' ही नोंदणीकृत संस्थाही अर्जदार होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, आधी केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. आणि एकाच वर्गातल्या पेन्शनरांची केवळ निवृत्तीच्या तारखेवरून अशी वाटणी करता येणार नाही, असा त्याचा आशय. आमच्या घरच्या भाषेत सांगायचे तर पेन्शन खैरात नाही, हक आहे. १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो यासाठी. त्या दिवशी शाल-श्रीफळाचे सत्कार मी पुष्कळ पाहिले. हा निकाल व्यासपीठावरून कोणी समजावून सांगितल्याचे मात्र अजून पाहिलेले नाही.

इतिहास लिहून ठेवल्याने काय होते, याचे एक दूरचे उदाहरण देते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एथेल पर्सी अँड्रस नावाच्या मुख्याध्यापिका १९४४ मध्ये निवृत्त झाल्या आणि तिथल्या निवृत्त शिक्षकांच्या संघटनेचे काम करू लागल्या. एका जुन्या शिक्षिकेची चौकशी करायला त्या गेल्या, तर ती बाई कोंबड्यांच्या खुराड्यात राहत होती. १९४७ मध्ये अँड्रसबाईंनी निवृत्त शिक्षकांची देशपातळीवरची संघटना काढली. म्हाताऱ्या माणसांचा आरोग्य विमा उतरवायला कंपन्या तयार नसत, तोही त्यांनी मिळवून दिला. १९५८ मध्ये त्यांनी हे काम शिक्षक नसलेल्या निवृत्तांसाठीही खुले केले. आज ती तिथली एक प्रचंड संघटना आहे, आणि तिच्या इतिहासात ते खुराडे अजून आहे. आपण कशासाठी जमलो, हे नव्या सभासदाला त्यावरून कळते.

घरी जाऊन चौकशी करणारी माणसे आपल्याकडेही होती आणि आहेत. त्यांची कामे कुठे लिहिली गेली नाहीत, एवढेच. मुस्लिम घरांपुरते एक काम सांगते, कारण ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. शिक्षक किंवा शिपाई वारला की त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तीवेतन मिळते. पण सेवापुस्तकात तिचे नाव 'शमीमबी', आधारवर 'शमीम बेगम' आणि बँकेत 'शेख शमीम' असते. नवऱ्याचे 'शेख' कुठे नावाच्या पुढे, कुठे मागे. घरच्यांसाठी, मोहल्ल्यासाठी ती एकच बाई. कार्यालयाच्या हिशेबी तीन. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मुख्याध्यापकांचे पत्र आणि पुन्हा पहिल्यापासून खेटे. इद्दतीतली बाई या रांगेत उभी राहू शकत नाही. तिच्या वतीने फाईल घेऊन फिरणारे एखादे निवृत्त सर संघटनेत असतात. आमच्या तालुक्यात हे काम वर्षानुवर्षे करणारे गृहस्थ जातीने मराठा आहेत आणि कोणते नाव कुठल्या कागदावर कसे फिरते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. उर्दू शाळांच्या निवृत्तांची वेगळी संघटना काढावी असे आपल्यात काही जण म्हणतात, त्यांना मी हेच उदाहरण देते. पेन्शनचे नियम सगळ्यांना एकच आहेत. आपल्या अडचणी वेगळ्या असतील तर त्या त्याच बैठकीत मांडल्या पाहिजेत.

त्या बैठकीलाही काही विचारायचे आहे. नाव 'शिक्षक व शिक्षकेतर' असले तरी खुर्च्यांवर शिक्षकच का दिसतात? घंटा देणारे चाचा, पगारबिले लिहिणारे लिपिक, प्रयोगशाळेतले परिचर यांची आठवण वर्गणीच्या वेळी होते, ठराव लिहिताना होत नाही. पेन्शन सगळ्यात कमी त्यांचीच, आणि वेळेवर आली नाही तर चूल अडते तीही त्यांचीच. विधवा बायका तर सभासद यादीत फक्त नवऱ्याच्या नावापुढच्या 'मयत' या शेऱ्यात उरतात. इतिहास लिहायला बसलो तर ही माणसे आपोआप समोर येतील, कारण संघटनेची खरी कामे त्यांच्याच घरी झालेली आहेत.

आता आपल्या पिढीकडे येते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना महाराष्ट्रात जुनी पेन्शन नाही. माझी नेमणूक त्यानंतरची. आमच्या स्टाफरूममध्ये एकाच वर्गाला एकच विषय शिकवणारे दोघे शेजारी बसतात. एकाच्या म्हातारपणाची रक्कम नियमाने ठरलेली, दुसऱ्याची पगारातून कापून बाजारात गुंतवलेली. काही जण तर त्या तारखेआधी नेमलेले, पण शाळेचे अनुदान तेव्हा शंभर टक्के झालेले नव्हते म्हणून अडकलेले. १४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या पेन्शनसाठी राज्यात संप झाला, पुढे सरकारने सुधारित योजनेचा पर्याय आणला. त्यातले आकडे बरे की वाईट, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे मला दिसते ते एवढेच, की पुन्हा एका तारखेने माणसांचे दोन गट पाडले आहेत. ३१ मार्च १९७९ ही तारीख न्यायालयात टिकली नाही म्हणून १ नोव्हेंबर २००५ ही टिकणार नाही, असा सोपा हिशेब मी मांडत नाही. दोन्हींचा कायदा वेगळा आहे. पण तारीख आकाशातून पडत नाही, ती माणसे ठरवतात आणि एकत्र आलेली माणसे तिला हात घालू शकतात, हे कळायला ती जुनी लढाई माहीत असावी लागते.

"निवृत्तांच्या संघटनेत नोकरदारांचे काय काम?" असे मला ऐकवले गेले आहे. उत्तर साधे आहे. जुनी पेन्शन घेणारा शेवटचा माणूस जाईल तेव्हा या संघटनेत कोण उरेल? दार बंद राहिले तर तीस-चाळीस वर्षांत ती आपोआप संपेल आणि तिच्या वह्या रद्दीत जातील. आपल्या निवृत्तीच्या वेळी पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागेल, तीही जास्त वयाने आणि कमी पैशांनी.

म्हणून काही कामे सुचवते. संघटनेच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. त्याला एक दुपार लागते. ऐंशी ओलांडलेल्या सभासदांशी बोलून ते ध्वनिमुद्रित करावे, आणि सुरुवात मुख्याध्यापकांपासून नको, शिपायांपासून आणि विधवांपासून करावी. नोकरीत असतानाच आपले सेवापुस्तक उघडून नामनिर्देशन आणि जोडीदाराचे नाव आधारशी पडताळून घ्यावे. आणि संघटनांनी सेवेतल्या कर्मचाऱ्यांना सहयोगी सभासद करून घ्यावे, वर्गणी नाममात्र ठेवून.

२०१४ पासून हयातीचा दाखला डिजिटल झाला आहे. बोट टेकवले की मशीन सांगते, माणूस जिवंत आहे. संघटनेसाठी असे मशीन नाही. ती आपण कुठून आलो हे सांगू शकते का आणि तिच्यात नवे माणूस येते का, या दोनच गोष्टींवरून ती हयात आहे की नाही ते कळते.